आमची नवी मुळाक्षरे

शिक्षकाच्या व्यवसायात एक मोठा धोका असतो. वर्षानुवर्षे तेच धडे शिकविता शिकविता, आपणही एके काळी शिकत होतो याचा त्याला हळूहळू विसर पडतो. प्रश्न विचारावयाचे ते आपण आणि उत्तरे चुकवावयाची ती मुलांनी, अशी त्याची समजूत होऊन बसते. आमचीही तशी झाली होती. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी एका जाडजूड ग्रंथाने, आणि त्याहूनही अधिक आठवीतल्या एका मुलाने, आम्हांला पुन्हा बाकावर बसविले. त्याची ही हकीकत आहे.

या शाळेत आम्ही काही वर्षे इतिहास आणि संस्कृत शिकविले, हे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना कदाचित आठवत असेल. पुढे सौभाग्यवतींच्या बदलीमुळे गोमंतकाचा निरोप घेऊन आम्ही भोपाळला आलो आणि तेथील एका हिंदी माध्यमाच्या शाळेत रुजू झालो. वार्षिकाच्या संपादकांनी ‘तिकडचे काहीतरी लिहून पाठवा’ असा आग्रह केला. तिकडचे म्हणजे तलावांचे वर्णन त्यांना अभिप्रेत असावे. परंतु तलाव तुम्ही कधी तरी येऊन पाहालच. आम्ही येथे शिकलो ते मात्र आम्हांलाच सांगितले पाहिजे.

आम्ही राहतो त्या वस्तीचे नाव अरेरा कॉलोनी. मोठमोठी झाडे, रुंद रस्ते आणि जवळच शहापुऱ्याचे तळे, असा हा रम्य भाग आहे. परंतु नवख्या माणसाला येथे पहिला धक्का बसतो तो पत्त्यांचा. आमच्याकडे गावात वाड्यांना देवांची, झाडांची, नाही तर जुन्या घराण्यांची नावे. येथे वस्तीचे भाग म्हणजे ई-१, ई-२, ई-३! बाजाराला जावयाचे ते ‘दस नंबर’ला, आणि त्याच्या पुढचा थांबा कोणता, तर ‘साढे दस नंबर’! १९५६ साली भोपाळ मध्यप्रदेशाची राजधानी झाले आणि पुढे सरकारी घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतल्या कित्येकांची ओळखही आकड्यांनीच होते. ‘चौहत्तर बंगले’, ‘ग्यारह सौ क्वार्टर’ ही येथे चांगली रुळलेली स्थलनामे आहेत. माणसांच्या राहण्याच्या जागेला आकड्याने हाक मारणे आम्हांला प्रथम फार रुक्ष वाटले. आकडा म्हणजे निर्जीव आणि नाव म्हणजे सजीव, असे कलाशाखेच्या पदवीधराला वाटावयाचेच. हे मत पुढे आम्हांला बदलावे लागले.

शाळेतील ग्रंथालयाचे काम आमच्याकडे आले, ते ‘तुम्हांला वाचनाची आवड आहे’ या कारणावरून. सुमारे तीन हजार पुस्तके, एक दाखल नोंदवही आणि देवघेवीच्या सहा वह्या, असा तो संसार होता. कोणते पुस्तक कोणाकडे आहे हे सांगण्यासाठी सहाही वह्या चाळाव्या लागत. मुख्याध्यापकांनी एके दिवशी बोलावून सांगितले, की पुढच्या सत्रापासून हा हिशेब संगणकावर आला पाहिजे. ग्रंथालयातील संगणकात मायक्रोसॉफ्ट अॅक्सेस नावाची प्रणाली होती. माहितीची कोष्टके करणे, ती परस्परांशी जोडणे, त्यांना प्रश्न विचारणे आणि उत्तरांचे अहवाल छापणे, हे सारे तिच्यात एकाच संगणकावर करता येते. १९९२ साली बाजारात आलेली ही प्रणाली लहान कचेऱ्यांत आणि दुकानांत अजूनही वापरली जाते. शिकविणारा मात्र कोणी नव्हता. म्हणून आम्ही जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तिच्यावरचा एक इंग्रजी संदर्भग्रंथ विकत आणला.

तो ग्रंथ बाराशे पानांचा होता. मागच्या वेष्टनाला तबकडी ठेवण्यासाठी एक पाकीट चिकटविलेले होते आणि ते रिकामे होते. शिवाय ग्रंथ होता २००३ च्या आवृत्तीवरचा, तर आमच्या संगणकातील प्रणाली कितीतरी नंतरची. २००७ साली या प्रणालीचा दर्शनी चेहराच बदलला; जुने मेनू जाऊन त्यांच्या जागी चित्रांची एक रुंद पट्टी आली. त्यामुळे ग्रंथ म्हणे, ‘अमुक मेनू उघडा’, आणि पडद्यावर तो मेनूच नसे. जुन्या शहराचा नकाशा घेऊन नव्या शहरात घर शोधावे, तसे आमचे पहिले दोन आठवडे गेले. परंतु त्यामुळे एक लाभ झाला. बटण कोठे आहे हे ग्रंथ सांगू शकत नव्हता, म्हणून ते बटण कशासाठी आहे हे आम्हांला समजून घ्यावे लागले.

संदर्भग्रंथ वाचण्याचीही एक रीत असते. मोल्सवर्थचा शब्दकोश कोणी पहिल्या पानापासून वाचीत नाही. अडले म्हणजे उघडतो. आम्ही मात्र या ग्रंथाचे वाचन पोथीसारखे पहिल्या अध्यायापासून आरंभिले आणि शंभराव्या पानावर झोपी गेलो. मग शहाणे होऊन मागच्या सूचीवरून वाचू लागलो. तेव्हा दुसरी अडचण ध्यानात आली. सूचीत शब्द शोधावयाचा तर आपल्या अडचणीचे नाव आपल्याला ठाऊक असावे लागते, आणि नाव ठाऊक असते तर निम्मी अडचण उरलीच नसती!

याचे एक उदाहरण सांगतो. अद्याप परत न आलेल्या पुस्तकांची यादी आम्हांला हवी होती. आमचा हिशेब सरळ होता: ज्या नोंदीत परतीची तारीख रिकामी, ते पुस्तक बाहेर. ‘परतीची तारीख बरोबर काही नाही’ अशा अर्थाची आज्ञा आम्ही दिली. उत्तरात एकही पुस्तक आले नाही. ‘बरोबर शून्य’ असे लिहून पाहिले, तरीही नाही. रविवारची अख्खी दुपार गेली. शेवटी सूचीत ‘नल’ हा शब्द सापडला आणि त्या पानावर उलगडा झाला. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. ‘येथे काय आहे ते ठाऊक नाही’ असा त्याचा अर्थ. जे ठाऊकच नाही ते कशाच्याही बरोबर आहे असे म्हणता येत नाही. दुसऱ्या अज्ञाताच्या बरोबर आहे असेही नाही. म्हणून तेथे ‘बरोबर’ असे न म्हणता ‘इज नल’, म्हणजे ‘अज्ञात आहे काय’, असेच विचारावे लागते. हजेरीपटावरचा कोरा चौकोन म्हणजे मुलगा गैरहजर असे नव्हे. गुरुजींनी हजेरीच घेतली नसेल! हे आम्हांला चांगले कळते. यंत्रालाही ते कळते, हे पाहून मौज वाटली.

आमची मातृभाषा कोंकणी. शाळेत मराठी शिकलो, महाविद्यालयात इंग्रजी आणि संस्कृत, आणि भोपाळात हिंदी. आता ही पाचवी-सहावी भाषा होती. तिचे नाव एसक्यूएल. तिचा इतिहासही मनोरंजक आहे. एडगर कॉड नावाचे एक गणितज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी वैमानिकाचे काम केले होते. पुढे ते अमेरिकेत आयबीएम कंपनीत संशोधन करू लागले आणि १९७० साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी. ती यंत्रात कोठे व कशी दडली आहे याची चिंता वापरणाऱ्याला करावी लागू नये. त्याने फक्त काय हवे ते सांगावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावरून चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी १९७४ साली ही भाषा रचली. ‘सिलेक्ट’, ‘फ्रॉम’, ‘व्हेअर’: काय हवे, कोठून, कोणत्या अटीवर. संस्कृतचे कारकप्रकरण शिकविणाऱ्याला हे परके वाटण्याचे कारण नव्हते. तीन महिन्यांत आमच्या आज्ञा बिनचूक चालू लागल्या. पडद्यावर पुस्तकाचे नाव टंकलिखित करावे आणि घेणाऱ्याचे नाव क्षणार्धात उमटावे, हे पाहून आमच्या मनात जो अभिमान उत्पन्न झाला तो वयाला शोभणारा नव्हता.

आणि तेथेच आमच्या हातून चूक घडली.

आरंभी आम्ही सर्व नोंदी एकाच लांबलचक कोष्टकात उतरवून काढल्या होत्या: मुलाचे नाव, इयत्ता, पुस्तक, दिल्याची तारीख, परतीची तारीख. ग्रंथाने सांगितले, की ही रीत अशुद्ध आहे. एकच गोष्ट दहा ठिकाणी लिहू नये. विद्यार्थी, पुस्तके आणि देवघेव यांची तीन स्वतंत्र कोष्टके करावी आणि क्रमांकांनी ती परस्परांशी जोडावी. आम्ही त्याप्रमाणे केले. विद्यार्थ्यांचे कोष्टक करताना आम्ही जुन्या यादीला ‘डिस्टिंक्ट’ ही आज्ञा दिली. ती दिली, की अगदी सारख्या नोंदी पुन्हा पुन्हा न येता एकदाच येतात. मग प्रत्येक नावापुढे यंत्राने आपोआप एकेक क्रमांक घातला. ग्रंथातील नियम पाळला गेला. यंत्रानेही कोणतीच तक्रार केली नाही.

परंतु आमच्या शाळेत आठवीत एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे दोन मुलगे होते, एक ‘अ’ तुकडीत आणि दुसरा ‘ब’ तुकडीत. ते नाव येथे देत नाही. त्या नावाची मुले भोपाळच्या प्रत्येक गल्लीत सापडतील. जुन्या वह्यांत तुकडी लिहिण्याची पद्धत नव्हती. वही लिहिणाऱ्याला मुलगा समोर दिसत असे, म्हणून त्याला तिची गरजही भासली नव्हती. यंत्राला मुलगा दिसत नव्हता. त्याला दोन सारख्या नोंदी दिसल्या. त्याने त्यांची एक केली आणि त्या दोघांना मिळून एक क्रमांक दिला.

सहामाही परीक्षेच्या सुमारास आम्ही मोठ्या हौसेने थकीत पुस्तकांचा पहिला अहवाल छापला. त्यात हे नाव होते. पुस्तक होते हिंदी-इंग्रजी शब्दकोश. कागद ‘अ’ तुकडीच्या वर्गशिक्षकांकडे गेला आणि त्यांनी त्या मुलाला आमच्याकडे पाठविले. तो म्हणाला, “सर, मैंने यह किताब ली ही नहीं.” आम्ही पडद्यावर त्याच्या नावाची सारी देवघेव काढून दाखविली. “ही दोन पुस्तके तू नेली होतीस ना?” “जी सर.” “मग तिसरेही तूच नेलेस.” त्याने मान हलवून नाही म्हटले. तेव्हा आम्ही जे वाक्य उच्चारले ते आम्हांला जन्मभर बोचत राहील. आम्ही म्हणालो, “बेटा, मशीन झूठ नहीं बोलती.”

मुलगा पुढे काही बोलला नाही. त्याचे वडील रिक्षा चालवीत. शब्दकोशाची किंमत दीडशे रुपये होती. ती त्याने पन्नास-पन्नास करून तीन आठवड्यांत आणून दिली. आम्ही पावती केली आणि यंत्रात नोंदही केली.

चौथ्या आठवड्यात ‘ब’ तुकडीतला एक अशक्त मुलगा ग्रंथालयात आला. त्याला विषमज्वर झाला होता आणि महिनाभर तो शाळेत नव्हता. “सर, देर हो गई,” असे म्हणून त्याने शब्दकोश टेबलावर ठेवला. परत घेण्यासाठी आम्ही त्याचे नाव विचारले. त्याने ते सांगितले मात्र, आमच्या हातातील पेन तसेच राहिले.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही कचेरीत बडे बाबूंकडे गेलो आणि त्यांना सारे सांगितले. निवृत्तीला आलेला हा गृहस्थ. संगणकाला हात लावीत नसे. त्यांनी कपाटातून एक जाड, कापडी पुठ्ठ्याची नोंदवही काढली आणि शांतपणे म्हणाले, “सर, नाम से मत ढूँढिए. स्कॉलर नंबर से ढूँढिए.” आपल्याकडे शाळेत जो जनरल रजिस्टरचा क्रमांक असतो, त्याला इकडे स्कॉलर नंबर म्हणतात. मूल ज्या दिवशी शाळेत दाखल होते, त्या दिवशी ते समोर उभे असताना तो लिहिला जातो. नाव बदलो, तुकडी बदलो, तो बदलत नाही आणि दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. त्या दोन मुलांची नावे नोंदवहीत दोन वेगवेगळ्या पानांवर होती आणि त्यांपुढे दोन वेगवेगळे आकडे होते. ज्याला आमचा बाराशे पानी ग्रंथ ‘प्रायमरी की’ म्हणत होता, ती ही किल्ली. आणि ती आमच्यापासून दोन खोल्यांच्या अंतरावर कपाटात पडून होती.

क्रमांक आमच्याही कोष्टकात होते. परंतु आधी दोन माणसे एक करून टाकावयाची आणि मग त्यांना क्रमांक द्यावयाचा, याला काय अर्थ आहे? माणसाला ओळखून दिलेला आकडा वेगळा आणि यादीला दिलेला आकडा वेगळा, हे त्या सायंकाळी समजले.

घरी येताना आजीची आठवण झाली. आमच्या गावी दोन पांडुरंग होते. आजी कधीही नुसते ‘पांडुरंग’ म्हणत नसे. एक ‘वयल्या घरचो’, म्हणजे वरच्या घरचा, आणि दुसरा ‘सकयल्या घरचो’, म्हणजे खालच्या घरचा. एकाच्या घरी सांगावयाचा निरोप तिने दुसऱ्याच्या घरी कधी पाठविला नाही. तिला अक्षरओळख नव्हती. परंतु नाव पुरेसे नसते हे ती जाणत होती. बडे बाबूंचा आकडा आणि आजीचे ‘वयलें’ घर ही एकाच जातीची वस्तू आहे. दोहोंचा हेतू एकच: एका माणसाच्या पदरी दुसऱ्याचे पाप-पुण्य पडू नये. तेव्हापासून ‘साढे दस नंबर’ आम्हांला रुक्ष वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आम्ही प्रार्थनासभेत उभे राहिलो. मुलाला आम्ही एकट्यात दटावले होते. परंतु दंडाची बातमी वर्गभर झाली होती, म्हणून क्षमाही सर्वांसमक्ष मागणे उचित होते. आम्ही सांगितले, की या विद्यार्थ्याने पुस्तक नेलेच नव्हते; तो खरे बोलत होता; चूक यंत्राची नव्हती, आमची होती. दीडशे रुपये आम्ही त्याच्या वडिलांना बोलावून हाती दिले. ते संकोचाने “कोई बात नहीं, मास्टरसाब,” असे म्हणाले. मुलगा मात्र मधल्या सुटीत ग्रंथालयाच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि त्याने विचारले, “सर, अब मैं मशीन में अलग हूँ न?”

आम्ही त्याला आत बोलाविले. स्कॉलर नंबरांची यादी घेऊन विद्यार्थ्यांचे कोष्टक पुन्हा पहिल्यापासून भरण्याचे काम चालू होते. त्याने आकडे वाचावे आणि आम्ही टंकलिखित करावे, असे आठ-दहा दिवस चालले. दुसऱ्या नामधारकालाही त्याने एकदा बरोबर आणले. सारे काम संपल्यावर पाहिले, तर शाळेत एकाच नावाच्या अशा आणखी चार जोड्या निघाल्या. आमचे पहिले कोष्टक तसेच चालू राहिले असते, तर पुढे आणखी किती मुलांवर आम्ही खोटेपणाचा आळ घेतला असता, कोणास ठाऊक!

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक होते. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाल्यावर त्यांनी हे शास्त्र नव्याने शिकून घेतले, आणि १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे आपले सुप्रसिद्ध पाच नियम प्रसिद्ध केले. आमची त्यांच्याशी तुलना करण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. परंतु अध्यापकाने मधल्या वयात नवा विषय आरंभापासून शिकणे ही लाजेची गोष्ट नव्हे, एवढे धैर्य त्यांच्या चरित्राने आम्हांला दिले.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही आमच्यापेक्षा भाग्यवान आहात. आज संगणकाला साध्या भाषेत सांगितले, तर तो तुमच्यासाठी सबंध आज्ञावली लिहून देतो. बाराशे पाने चाळण्याचे श्रम वाचतात. श्रम वाचत असतील तर अवश्य वाचवा. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवा. आमच्या आज्ञावलीत अक्षराचीही चूक नव्हती. ती आज्ञावली दुसऱ्या कोणी लिहिली असती, तरी ते दोन मुलगे एकच झाले असते; कारण ते दोन आहेत हे कागदावर लिहिलेलेच नव्हते. ते शोधण्यासाठी खुर्चीवरून उठून बडे बाबूंपर्यंत जावे लागते, आणि समोरचा मुलगा ‘नाही’ म्हणतो तेव्हा पडद्याकडे न पाहता त्याच्याकडे पाहावे लागते.

ग्रंथ अद्याप आमच्या टेबलावर आहे. त्याच्या रिकाम्या पाकिटात आम्ही एक कागद घालून ठेवला आहे. दीडशे रुपयांच्या त्या पावतीची ही स्थळप्रत होय. नवे काही शिकावयास बसलो, की प्रथम ती काढून पाहतो आणि मग सूची उघडतो.